येळवस, तेरा दिवस आणि टाइप करून ठेवलेलं पत्र

पत्र दोनच वाक्यांचं होतं. 'आपण कोणतीही पूर्वपरवानगी न घेता सलग अकरा दिवस गैरहजर आहात. सबब आपण स्वतःहून नोकरी सोडली आहे असे समजून आपले नाव पटावरून कमी करण्यात येत आहे.' खाली सहीची जागा मोकळी होती आणि ती सही माझी व्हायची होती.

एचआर म्हणजे मनुष्यबळ व्यवस्थापन शिकायला येणाऱ्या प्रत्येक मुलामुलीपुढे मी हे प्रकरण ठेवतो. भरती, रजा, शिस्त, नोंदी, सुपरवायझरची भूमिका, कायदा, सगळं त्यात एका माणसाच्या निमित्ताने येतं. पुस्तकात हे विषय वेगवेगळ्या धड्यांत असतात. कारखान्यात ते एकाच सकाळी टेबलावर येऊन पडतात.

कारखाना छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज एमआयडीसीतला. नाव घेत नाही. 1985 मध्ये बजाज ऑटोचा कारखाना वाळूजला आला आणि त्याच्या आजूबाजूला सुट्या भागांच्या पुरवठादारांची शेडच्या शेड उभी राहिली. आमच्याकडे प्रेस शॉप (पत्रा दाबून भाग बनवायचा विभाग) आणि वेल्ड शॉप (ते जोडायचा विभाग) होतं. दोनशेच्या आत पर्मनंट, बाकी ठेकेदाराची माणसं. काळ नवीन कामगार संहिता लागू होण्याआधीचा, त्यामुळे पुढे येणारे कायदे तेव्हाचे आहेत.

ज्याच्या नावाचं पत्र होतं तो वेल्ड शॉपमधला स्पॉट वेल्डिंगचा ऑपरेटर. सहा वर्षं नोकरी, गाव औसा तालुक्यातलं, लातूर जिल्हा. येळवसेच्या दिवशी गेला तो परतलाच नव्हता.

लातूर-धाराशिवकडच्या वाचकांना येळवस सांगायला नको. इतरांसाठी थोडक्यात सांगतो. वेळ अमावस्या, डिसेंबर-जानेवारीत येणारी. त्या दिवशी अख्खं गाव वावरात असतं. कडब्याच्या खोपीत पाच पांडव मांडायचे, पूजा करायची आणि मग भज्जी, उंडे, आंबील यांचं जेवण. पाहुणेरावळे, मित्र, वाटेवरचा माणूस, सगळ्यांना हाक मारून जेवायला बसवायचं. लातूर शहराचे रस्ते त्या दिवशी ओस पडतात. दिवाळीला घरी नाही गेलं तर माणसं समजून घेतात, येळवसेला नाही गेलं तर घरचे विचारतात, 'काय झालं रे?'

प्रॉडक्शन मॅनेजर फाईल घेऊन आले तेव्हा चिडलेले होते आणि त्यांचं चिडणं खोटं नव्हतं. त्या एका दिवशी वेल्ड शॉपच्या 42 जणांपैकी 17 जण आले नव्हते. लाइन अर्धी बंद, डिस्पॅच अडकलेला, वरून ग्राहकाचा फोन. 'एकाला सोडलंत तर पुढच्या वर्षी अख्खी शेड रिकामी दिसेल. याचं नाव कमी करा, बाकीचे आपोआप ताळ्यावर येतील.' मॉडेल स्टँडिंग ऑर्डर्समध्ये, म्हणजे नोकरीच्या अटी-शिस्तीच्या नमुना स्थायी आदेशांमध्ये, सलग दहा दिवसांपेक्षा जास्त विनापरवाना गैरहजेरी हे गैरवर्तन धरलेलं आहे. अकरावा दिवस होता. टाइम ऑफिसच्या (हजेरी ठेवणाऱ्या कार्यालयाच्या) क्लार्कने नेहमीचा मसुदा काढून पत्र टाइप केलं.

त्याच महिन्यात माझ्याकडे एक शिकाऊ मुलगी होती. जालन्याकडची, विद्यापीठातून एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) करणारी, कामगार कल्याणाचा विषय घेतलेली. हुशार आणि तयारीची. माणसाच्या प्रेरणेवर लिहिणारे मास्लो, हर्झबर्ग, तिने सगळं वाचलं होतं. वेल्ड शॉपची गैरहजेरी ऐकून ती म्हणाली, 'सर, प्रेरणा कमी पडतेय. महिन्याचा उत्तम कामगार अशी योजना करता येईल.' वाईट कल्पना नव्हती. पण अजून आम्हाला काय झालंय तेच माहीत नव्हतं. मी पत्र ड्रॉवरमध्ये ठेवलं, तिच्यापुढे वेल्ड शॉपचं बारा महिन्यांचं मस्टर (हजेरीपट) ठेवलं आणि म्हटलं, 'दोन दिवस हे वाच. योजना नंतर.'

मस्टर वाचणं ही माझ्या मते या कामातली पहिली विद्या आहे. पी (हजर), ए (गैरहजर), डब्ल्यूओ (साप्ताहिक सुट्टी), पीएल (भरपगारी रजा) अशी अक्षरं भरलेला तो कंटाळवाणा कागद नीट पाहिला तर त्यात माणसांचं वर्ष दिसतं. तिने आधी साधा दर काढला: गेलेले मनुष्यदिवस भागिले उपलब्ध मनुष्यदिवस, गुणिले शंभर. 42 माणसं, महिन्याचे कामाचे 26 दिवस, म्हणजे 1092 मनुष्यदिवस. गेले 98. गैरहजेरी नऊ टक्क्यांच्या आसपास. हा आकडा मॅनेजरांकडेही होता. त्यावरून कोण आणि का हे कळत नाही.

म्हणून मी तिला ब्रॅडफर्ड गुणांक दाखवला. गैरहजेरीच्या खेपांचा वर्ग करायचा आणि त्याला एकूण दिवसांनी गुणायचं. कल्पना अशी की एकदाच बारा दिवस न येणारा माणूस लाइनला जितका त्रास देतो, त्याहून खूप जास्त त्रास बारा वेळा एकेक दिवस दांडी मारणारा देतो, कारण प्रत्येक वेळी सकाळी उठून बदली शोधावी लागते. आमच्या ऑपरेटरच्या वर्षभरात विनापरवाना खेपा तीन, दिवस तोवर 14. तीन गुणिले तीन गुणिले 14, म्हणजे 126. त्याच लाइनवरच्या दुसऱ्या एकाचे अकरा दिवस, अकरा खेपांत, बहुतेक पगाराच्या दुसऱ्या दिवशी. अकरा गुणिले अकरा गुणिले अकरा, 1331.

ती बराच वेळ त्या दोन आकड्यांकडे बघत राहिली. ज्याचं पत्र टाइप झालं होतं त्याचे 126, आणि 1331 वाल्याला आजवर साधा मेमोही नव्हता, कारण त्याची दांडी कधी एका दिवसापलीकडे गेली नव्हती. नियम लांबी मोजत होता आणि लाइन मोडत होती वारंवारतेने.

इथे एक सावधगिरी सांगून ठेवतो. हा गुणांक कुठे बघायचं ते दाखवतो, कारण सांगत नाही. डायलिसिसला आठवड्यातून दोनदा जाणाऱ्या माणसाचा गुणांक आभाळाला भिडेल. या आकड्यावर थेट शिक्षा बांधणारे कारखाने मी पाहिलेत आणि मला ते चुकीचं वाटतं.

मग तिने असं काही पाहिलं की जे मी इतकी वर्षं तिथे बसून पाहिलं नव्हतं. येळवसेला न आलेल्या 17 जणांच्या पर्सनल फाइली काढून तिने कोण कोणाच्या ओळखीने लागला ते लिहून काढलं. 14 जण औसा, निलंगा, उमरगा या पट्ट्यातले. चार-पाच वर्षांपूर्वी वेल्ड शॉपला घाईने माणसं हवी होती, तेव्हा एका चांगल्या कामगाराला 'तुझ्याकडची पोरं आण' असं सांगितलं गेलं. त्याने भाऊबंद, मेव्हणे, गावकरी आणले. कामाला सगळे चोख. पण एका लाइनवर एकाच पट्ट्यातली माणसं भरली की त्यांचा सणही एकाच दिवशी येतो, सोयाबीनची काढणीही एकाच आठवड्यात येते आणि गावातलं मयतही सगळ्यांचंच असतं. गैरहजेरीचं बी भरतीत पेरलं गेलं होतं आणि ती भरती माझ्या विभागाने केलेली होती.

ओळखीने भरती करू नये असं मी म्हणत नाही. मराठवाड्यातल्या कारखान्यांत ओळखीने आलेला माणूस टिकतो, त्याच्या मागे सांगणारा कुणीतरी असतो. फक्त एका गावची माणसं एकाच शिफ्टच्या एकाच लाइनवर बसवायची नाहीत, एवढं पथ्य पाळायला हवं होतं.

तिसरी गोष्ट रजेची. या ऑपरेटरच्या खात्यावर 19 दिवसांची भरपगारी रजा शिल्लक होती. कारखाना कायदा 1948 नुसार वर्षात 240 दिवस काम केलं की दर 20 दिवसांमागे एक दिवस रजा मिळते आणि 30 दिवसांपर्यंत ती पुढे नेता येते. वेल्ड शॉपमध्ये बहुतेकांची रजा अशीच साठलेली. मग माणसं रजा टाकून का जात नव्हती? कँटीनमध्ये विचारल्यावर उत्तर मिळालं: महिनाअखेरीला सुपरवायझर कुणालाच रजा देत नाही. 'अर्ज केला आन् नाही म्हटले, तर गेल्यावर दोन गुन्हे होतेत. न विचारता गेलं तर एकच.' या हिशेबात मला काही चूक दिसली नाही.

आता मूळ माणूस. अकराव्या दिवशी सकाळीच आम्ही त्याच्या पत्त्यावर रजिस्टर एडी (पोचपावतीची टपाल नोटीस) पाठवली होती: कामावर हजर व्हा, गैरहजेरीचा खुलासा करा. ती 'दार बंद' असा शेरा घेऊन परत आली. पत्ता रांजणगाव शेणपुंजीतल्या भाड्याच्या खोलीचा. पर्सनल फाइलमध्ये 'कायमचा पत्ता' या रकान्यात लिहिलं होतं: वरीलप्रमाणे. तातडीच्या वेळी संपर्काचा नंबर त्याच्या चुलतभावाचा, जो त्याच लाइनवर काम करत होता आणि ज्याला अकरा दिवसांत आमच्यापैकी कुणी एक शब्द विचारला नव्हता.

शिकाऊ मुलगी त्याच्याकडे गेली. पहिल्यांदा तो म्हणाला, 'मला म्हाईत नाही ताई.' ती तिथेच बसली, चहा घेतला, गावाकडे यंदा तूर कशी आहे ते विचारलं. मग त्याने सांगितलं. येळवसेच्या संध्याकाळी वावरातून येताना म्हातारा ट्रॉलीवरून पडला. खुब्याचं हाड मोडलं. लातूरच्या सरकारी दवाखान्यात ऑपरेशन झालं. घरात दुसरा कुणी कर्ता पुरुष नाही. 'आन् त्याने सायबाला कळवलंय की.'

कोणत्या साहेबाला? सुपरवायझरला. आम्ही त्यांना बोलावलं. त्यांनी फोन काढला, वर-वर सरकवत नेला आणि थांबले. येळवसेच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी 6 वाजून 10 मिनिटांनी आलेला व्हॉट्सअ‍ॅप मेसेज होता: 'सर बाबा पडले खुबा मोडला लातूरला आणलय ८ १० दिवस लागतील'. त्याखाली सुपरवायझरांनी पाठवलेला अंगठा.

खोलीत कुणी बोललं नाही. सुपरवायझर वाईट माणूस नव्हते. हाताखाली चाळीस माणसं, दर तासाला उत्पादनाचा आकडा, रोज असे वीस मेसेज. त्यांना वाटलं हजेरीचं काम एचआरचं. आम्हाला वाटलं माणसाची खबर सुपरवायझरकडे असते. अशा मेसेजचं काय करायचं हे आम्ही त्यांना कधीच सांगितलं नव्हतं. ही चूक माझ्या विभागाची होती आणि मी ती त्या खोलीतच कबूल केली.

ते पत्र ड्रॉवरमधून गेलं असतं तर काय झालं असतं, हे मी त्या दिवशी शिकाऊ मुलीला सविस्तर सांगितलं. 1993 सालचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे, डी. के. यादव विरुद्ध जे. एम. ए. इंडस्ट्रीज. तिथेही स्टँडिंग ऑर्डरमध्ये ठरावीक दिवस गैरहजर राहिलं की नोकरी आपोआप संपते असं कलम होतं आणि त्याच आधारावर कामगाराला काढलं होतं. कामगाराचं म्हणणं, मला गेटवरच अडवलं. न्यायालयाने सांगितलं की माणसाचं म्हणणं ऐकून न घेता, चौकशी न करता त्याची उपजीविका काढून घेता येत नाही. त्याला कामावर परत घ्यायला लावलं आणि निम्मा मागील पगारही द्यायला लावला. पुढे 2012 मध्ये कृष्णकांत परमार यांच्या प्रकरणात, ते सरकारी नोकराचं होतं, न्यायालयाने म्हटलं की गैरहजेरी जाणूनबुजून होती हे आधी सिद्ध व्हायला हवं. आमच्या प्रकरणात तर कळवल्याचा पुरावा आमच्याच सुपरवायझरच्या खिशात होता.

विद्यार्थी इथे हमखास विचारतात, म्हणजे कायद्याच्या भीतीने थांबायचं का? मला ते तसं दिसत नाही. कायद्याने जी पायरी सांगितली आहे, आधी विचारा, खुलासा घ्या, मग ठरवा, ती पाळली म्हणूनच आम्हाला म्हाताऱ्याचा खुबा कळला. ती पायरी नसती तर सहा वर्षांचा हातखंडा वेल्डर गेला असता आणि 1331 वाला राहिला असता.

चौदाव्या दिवशी तो आला. रात्रीच्या एसटीने येऊन थेट गेटवर. हातात दवाखान्याचं डिस्चार्ज कार्ड, प्लास्टिकच्या पिशवीत नीट घडी घातलेलं. मी त्याला खुलासा स्वतःच्या हाताने, स्वतःच्या शब्दांत लिहायला सांगितलं. अर्धं पान लिहायला त्याला पाऊण तास लागला. कुणाच्या तरी तयार मसुद्यावर सही घेण्यापेक्षा असा कागद दसपट मोलाचा असतो, पुढे वाद झाला तरीही आणि न झाला तरीही.

मग निर्णय. मॅनेजरांचा मुद्दा मी बाजूला टाकला नाही. येळवसेचा पहिला दिवस परवानगीशिवाय होता, त्या दिवशी वडील पडलेले नव्हते आणि लाइन बंद पडली होती. त्या दिवसाचा पगार नाही आणि लेखी ताकीद. उरलेले बारा दिवस त्याच्या शिल्लक रजेतून. कायद्यात रजेचा अर्ज पंधरा दिवस आधी द्यायचा असतो. स्वतःच्या आजारपणासाठी ती मुदत लागत नाही, पण वडिलांच्या आजारपणाचा उल्लेख तिथे नाही. म्हणजे हा आमचा अधिकार वापरून घेतलेला निर्णय होता आणि तसं आम्ही फाइलवर कारणासह लिहिलं, उद्या दुसऱ्या कुणाचे वडील पडले तर हाच न्याय लागावा म्हणून. 19 मधून 12 गेले, सात उरले. मॅनेजरांना ताकीद कमी वाटली. ऑपरेटरचं म्हणणं, तोही एक दिवस रजेत धरायला हवा होता. सही करताना दोघांचेही चेहरे उतरलेले होते.

ताकीद फक्त त्याला दिली असती तर तो अन्याय झाला असता, म्हणून त्या दिवशी न सांगता गेलेल्या सर्व 17 जणांना एकच मजकूर गेला. 1331 वाल्याला वेगळं बोलावलं. त्याची गोष्ट दारूची निघाली. ती इथे लिहीत नाही, आणि ती मार्गी लागली असंही सांगता येणार नाही.

पुढच्या येळवसेची तयारी आम्ही नोव्हेंबरातच सुरू केली. कारखाना कायद्याच्या कलम 52 मध्ये साप्ताहिक सुट्टी बदलून देता येते: ठरलेल्या सुट्टीच्या आधीच्या किंवा नंतरच्या तीन दिवसांत एक पूर्ण दिवस सुट्टी द्यायची, फॅक्टरी इन्स्पेक्टरच्या कार्यालयाला आधी नोटीस द्यायची, कारखान्यात ती लावायची आणि सलग दहा दिवसांपेक्षा जास्त काम कुणालाही लावायचं नाही. येळवस त्या तीन दिवसांत येते का हे पंचांगात बघायचं. आली तर सुट्टीची अदलाबदल, नाही तर निम्म्यांना पीएल आणि निम्म्यांना पुढच्या वर्षीचा नंबर.

शिकाऊ मुलीने तेव्हा विचारलं, ही आठवड्याची सुट्टी मुळात आली कुठून? नारायण मेघाजी लोखंड्यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी ती झगडून मिळवली, 10 जून 1890 ला. मुंबईच्या श्रम विज्ञान संस्थेला त्यांचं नाव आहे. कामगार अधिकारी व्हायला निघालेल्या कितीतरी पदवीधरांना हे नाव माहीत नसतं, याचं मला मनापासून वाईट वाटतं. सुट्टीचा तक्ता लावणाऱ्याला ती सुट्टी कुणी मिळवून दिली एवढं तरी ठाऊक हवं.

सुपरवायझरांसाठी आम्ही एक साधी रीत घातली. न येण्याचा कुठलाही मेसेज आला की तो टाइम ऑफिसच्या नंबरवर पुढे पाठवायचा, बस. अंगठा द्यायचा असेल तर त्यानंतर. महिनाअखेरीला सरसकट रजा बंद हा तोंडी नियम काढून टाकला आणि एका दिवशी एका लाइनवर किती जणांना सोडता येईल तो आकडा फळ्यावर लिहिला. गेटजवळच्या काचेच्या पेटीतल्या स्टँडिंग ऑर्डर्स उन्हाने इतक्या उडाल्या होत्या की वाचता येत नव्हत्या. कायद्यानुसार त्या बहुसंख्य कामगारांना कळणाऱ्या भाषेतही लावायच्या असतात. आम्ही मराठी प्रत मोठ्या अक्षरात नव्याने लावली.

ठेकेदाराच्या माणसांचं काय? त्यांना यातलं फारसं काही मिळालं नाही. येळवसेला गेलेल्या तिघांना ठेकेदाराने परत बोलावलंच नाही आणि मला ते आठ दिवसांनी कळलं. ठेकेदाराला काम देणारा मुख्य मालक म्हणून त्यांच्या पगाराची, पीएफची जबाबदारी आमच्यावर होती, पण हजेरीपट ठेकेदाराचा होता. त्या तिघांचा विषय मी पुरेसा लावून धरला नाही, हे मला आजही टोचतं.

21 नोव्हेंबर 2025 पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आहेत. औद्योगिक संबंध संहितेत स्थायी आदेशांची (स्टँडिंग ऑर्डर्सची) सक्ती 300 किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या आस्थापनांना आहे. आधी महाराष्ट्रात ही मर्यादा 50 होती. म्हणजे आमच्यासारख्या कारखान्याला उद्या ते कलम लागू नसेल. अशा ठिकाणी काम करणाऱ्या नव्या एचआरवाल्याची जबाबदारी त्यामुळे वाढली आहे, कारण खुलासा मागण्याची सवय आता त्यालाच जपावी लागणार.

शिकाऊ मुलीचं शेवटचं काम पर्सनल फाइलींचं होतं. ती रजिस्टर घेऊन प्रत्येक लाइनवर गेली आणि 'वरीलप्रमाणे' लिहिलेला प्रत्येक रकाना खोडून गाव, पोस्ट, तालुका, गावाकडचा नंबर असं भरून घेत गेली. प्रेस शॉपमधल्या एका मामांनी तिला विचारलं, 'ताई, शेजारच्या किराणा दुकानाचा नंबर दिला तर चालंल का? घरी म्हातारी एकटीच असती, तिला फोन उचलता येत नाही.' तिने दुकानदाराचा नंबर लिहून घेतला, रजिस्टरमध्ये पट्टीने एक जादा रकाना आखला आणि त्यावर लिहिलं: निरोप कुणाकडे द्यायचा.